जावा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर वेब सर्व्हिस उभी करताना येणाऱ्या अडचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, ग्लासफिश, पायारा, वेबलॉजिक किंवा लिबर्टी या जावा सर्व्हरवर सोप (एक्सएमएल संदेशांवर चालणारी) अथवा रेस्ट (साध्या एचटीटीपी पत्त्यांवर चालणारी) सर्व्हिस डिप्लॉय करताना, म्हणजे सर्व्हरवर चढवताना, ज्या प्रश्नांशी बहुतेकांचं घोडं अडतं, ते इथे घेतले आहेत. फायली, पॅकेजेस आणि सेटिंग यांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

सुरुवातीला एकच विनंती. लॉगमधली शेवटची ओळ वाचून उपाय शोधू नका. जावाचा स्टॅक ट्रेस, म्हणजे एररसोबत छापली जाणारी कॉलची यादी, कारणांची साखळी दाखवतो, आणि मूळ कारण बहुधा सर्वांत खालच्या ‘कॉज्ड बाय’मध्ये असतं. एकाच स्टार्टअपमध्ये दहा एरर दिसत असतील तर वेळेनुसार पहिली कोणती ते बघा. उरलेल्या नऊ बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

सर्व्हर चालू आहे, पण सर्व्हिसच्या पत्त्यावर ४०४ (‘सापडलं नाही’) येतं. कुठून सुरुवात करू?

४०४ मागे तीन वेगळी कारणं असू शकतात: पत्ता चुकला, अ‍ॅप्लिकेशन उभंच राहिलं नाही, किंवा अ‍ॅप्लिकेशन उभं आहे पण एंडपॉइंट, म्हणजे सर्व्हिसचा नेमका पत्ता, नोंदला गेला नाही. आधी यातलं कोणतं ते ठरवा. त्यासाठी वॉर फाइलच्या (बांधून तयार केलेल्या वेब अॅपच्या) मुळाशी एक साधी एचटीएमएल फाइल ठेवा आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडा. ती दिसली तर अ‍ॅप्लिकेशन जिवंत आहे, शोध एंडपॉइंटचा घ्यायचा. तीही दिसली नाही तर कॉन्टेक्स्ट पाथ (पत्त्यातला अॅपच्या नावाचा भाग) किंवा डिप्लॉयमेंटकडे वळा.

कॉन्टेक्स्ट पाथ चुकण्याचं सर्वांत नेहमीचं कारण मेव्हन हे बिल्डचं साधन. त्याच्या पोम फाइलमध्ये ‘फायनल नेम’ दिलं नसेल तर वॉरच्या नावात आवृत्तीही येते. टॉमकॅट वॉरच्या नावावरूनच पाथ ठरवतो, त्यामुळे ‘ऑर्डर्स-१.०-स्नॅपशॉट’ हा पूर्ण तुकडा पत्त्यात लागतो. लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही मोजला जातो. टॉमकॅटवर वॉरच्या नावातलं # हे चिन्ह पाथमध्ये तिरकी रेघ बनतं, आणि ‘रूट’ नावाची वॉर थेट मुळाशी बसते. हे नाव मात्र सगळं कॅपिटलमध्येच हवं. वाइल्डफ्लायवर जेबॉस-वेब डॉट एक्सएमएल आणि ग्लासफिशवर ग्लासफिश-वेब डॉट एक्सएमएल पाथ बदलू शकतात. वॉर जर इअरमध्ये (अनेक मॉड्यूल एकत्र बांधणाऱ्या फाइलमध्ये) गुंडाळलेली असेल तर अ‍ॅप्लिकेशन डॉट एक्सएमएलमधला कॉन्टेक्स्ट रूट बघा.

एंडपॉइंटचा नेमका पत्ता अंदाजाने शोधू नका, सर्व्हरलाच विचारा. वाइल्डफ्लाय स्टार्टअपच्या लॉगमध्ये प्रत्येक सोप एंडपॉइंटसाठी ‘अ‍ॅडिंग सर्व्हिस एंडपॉइंट मेटाडेटा’ अशी नोंद करतो. तिच्याखाली पूर्ण पत्ता, इम्प्लिमेंट करणारा क्लास, सर्व्हिस नेम आणि पोर्ट नेम असतं. ही नोंद नसेल तर सर्व्हरने तुमचा क्लास वेब सर्व्हिस म्हणून ओळखलेलाच नाही. सीएक्सएफ ही सोपची लायब्ररी स्वतः वॉरमध्ये घातली असेल तर तिच्या सर्व्हलेटच्या (विनंत्या हाताळणाऱ्या क्लासच्या) पत्त्यावर सर्व एंडपॉइंटची यादी दिसते. ग्लासफिशवर ईजेबी (सर्व्हरने सांभाळलेला जावा घटक, म्हणजे बीन) म्हणून लिहिलेल्या सर्व्हिसच्या मूळ पत्त्यात कॉन्टेक्स्ट पाथ येतच नाही; तिथे थेट सर्व्हिसचं नाव आणि त्यापुढे बीनचं नाव असतं.

टॉमकॅट म्हणतो, एक किंवा अधिक लिसनर (स्टार्टअपला चालणारे क्लास) सुरू होऊ शकले नाहीत. पण कारण देत नाही.

कारण दिलेलं असतं, फक्त दुसऱ्या फाइलमध्ये. टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये, म्हणजे कॅटालिना डॉट आउटमध्ये, एवढीच ओळ येते आणि तपशील ‘योग्य’ लॉगमध्ये बघा असं सांगितलं जातं. तो लॉग म्हणजे लॉग्ज फोल्डरमधली ‘लोकलहोस्ट’ आणि तारीख असं नाव असलेली फाइल. पूर्ण स्टॅक ट्रेस तिथे मिळेल. दिवसभर कॅटालिना डॉट आउट चाळूनही काही हाती न लागल्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

सोप सर्व्हिसच्या बाबतीत त्या फाइलमध्ये दोन गोष्टी वारंवार सापडतात. एक, मेट्रो या सोप लायब्ररीचा कॉन्टेक्स्ट लिसनर सापडत नाही, म्हणजे जेएएक्स-डब्ल्यूएसचं (जावातल्या सोपच्या मानकाचं) रनटाइम, ते चालवणारी लायब्ररी, वॉरमध्ये नाही. दुसरी, सन-जेएएक्सडब्ल्यूएस डॉट एक्सएमएलमध्ये दिलेला इम्प्लिमेंटेशन क्लास सापडत नाही. पॅकेजचं नाव बदलल्यावर ही फाइल तशीच राहून गेलेली असते. ही फाइल वॉरमधल्या वेब-इन्फ फोल्डरमध्येच हवी, क्लासेसच्या आत नाही.

मुळात टॉमकॅट हा सर्व्हलेट कंटेनर, म्हणजे सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर, आहे. सोप किंवा रेस्टचं रनटाइम तो आणत नाही, ते तुम्हीच द्यायचं. वाइल्डफ्लाय, ग्लासफिश, वेबलॉजिक यांच्याकडे ते आधीच असतं. पुढच्या निम्म्या अडचणी या एका फरकातून जन्मतात.

जावा ८ वर चालत होतं. जावा ११ वर नेल्यावर क्लास सापडत नाही. काय झालं?

जावा ६ पासून जेएएक्स-डब्ल्यूएस आणि जेएएक्सबी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांत रूपांतर करणारी लायब्ररी) जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या मूळ संचाच्या, आतच मिळत होते. जावा ९ मध्ये ते काढण्यासाठी राखून ठेवले गेले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून पूर्ण काढून टाकले. सोबत डब्ल्यूएसइम्पोर्ट, डब्ल्यूएसजेन, एक्सजेसी आणि स्कीमाजेन ही क्लास आणि एक्सएमएलचे आराखडे जनरेट करणारी साधनंही गेली. त्यामुळे जावाएक्स डॉट एक्सएमएल डॉट बाइंड किंवा जावाएक्स डॉट एक्सएमएल डॉट डब्ल्यूएस यांतले क्लास सापडत नाहीत.

जावा ९ आणि १० वर ‘अ‍ॅड-मॉड्यूल्स’ हा पर्याय देऊन ते परत मिळवता येत. जावा ११ वर तो पर्याय तसाच ठेवला तर जेव्हीएम (जावा चालवणारी प्रोसेस) सुरूच होत नाही, कारण ते मॉड्यूल अस्तित्वातच नाही. जुन्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये तो राहिला असेल तर काढा.

टॉमकॅटवर असाल तर जेएएक्सडब्ल्यूएस-आरटी ही डिपेन्डन्सी वॉरमध्ये घाला. जावाएक्स वापरणाऱ्या कोडसाठी २.३ ची मालिका. वाइल्डफ्लायसारख्या पूर्ण सर्व्हरवर ती घालू नका. तिथे फक्त एपीआय ‘प्रोव्हाइडेड’ स्कोपने कम्पाइल करण्यापुरती लागते. दोन्हीकडे घातली की क्लासलोडरची (क्लास लोड करणाऱ्या भागांची) भांडणं सुरू होतात.

कम्पाइल एका जावावर आणि रन दुसऱ्यावर असं झालं तर ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ येतं. त्यातला आकडा वाचायला शिका: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१.

टॉमकॅट ९ वरून १० वर गेल्यावर एररही नाही आणि सर्व्हिसही नाही. असं कसं?

कारण टॉमकॅट १० तुमच्याशी वेगळ्या नावांनी बोलतो. जकार्ता ईई ९ मध्ये, म्हणजे २०२० च्या अखेरीस, जावाएक्सने सुरू होणारी एंटरप्राइझ पॅकेजेस जकार्ता झाली. टॉमकॅट १०, ग्लासफिश ६ आणि वाइल्डफ्लाय २७ पासून पुढे नवी नावं चालतात. जुन्या जावाएक्स पॅकेजमधलं वेब-सर्व्हलेट अ‍ॅनोटेशन टॉमकॅट १० च्या दृष्टीने अनोळखी असतं. अनोळखी अ‍ॅनोटेशन दिसलं तर तो तक्रार करत नाही, नुसता पुढे जातो. तुम्हाला दिसतं ते स्वच्छ लॉग आणि ४०४.

सगळीकडे जावाएक्सच्या जागी जकार्ता असं आंधळेपणाने बदलू नका. जावाएक्स डॉट एसक्यूएल, नेमिंग, क्रिप्टो, नेट, एक्सएमएल डॉट पार्सर्स ही पॅकेजेस मूळ जावाची आहेत आणि ती तशीच राहतात. बदलतात ती सर्व्हलेट, डब्ल्यूएस-आरएस, जेडब्ल्यूएस, एक्सएमएल डॉट डब्ल्यूएस, एक्सएमएल डॉट सोप, एक्सएमएल डॉट बाइंड आणि त्यांची भावंडं. ट्रान्झॅक्शनमध्ये तर एकाच घराचे दोन वाटे झालेत: बाकी पॅकेज जकार्ता झालं, त्याखालचं एक्सए जावाएक्सच राहिलं.

लायब्ररीही जोडीने बदलाव्या लागतात. सीएक्सएफ ३ जावाएक्ससाठी, सीएक्सएफ ४ जकार्तासाठी आणि त्याला जावा १७ लागतो. मेट्रो २ जावाएक्स, ३ पासून जकार्ता. मेव्हनची डिपेन्डन्सी ट्री काढून दोन्ही घराण्यांची जार (लायब्ररीची फाइल) एकत्र आली नाही ना, हे बघाच.

सोर्स हाताशी नसेल तर टॉमकॅट १० च्या फोल्डरमध्ये ‘वेबअ‍ॅप्स-जावाईई’ नावाचं फोल्डर तयार करून जुनी वॉर त्यात टाका. टॉमकॅट ती बदलून वेबअ‍ॅप्समध्ये ठेवतो. सर्व्हिस वापरणाऱ्यांना कळवण्याची गरज नाही: पॅकेजची नावं बदलली तरी वायरवरून जाणारा एक्सएमएल तोच राहतो आणि जुने क्लायंट नव्या सर्व्हरशी बोलू शकतात.

‘लिंकेज एरर’, ‘नो सच मेथड’, किंवा एकाच नावाच्या क्लासवरून ‘क्लास कास्ट’ एरर येते.

एकच क्लास दोन ठिकाणांहून लोड झाला आहे. जावाच्या दृष्टीने क्लासची ओळख म्हणजे त्याचं नाव आणि त्याला लोड करणारा क्लासलोडर, दोन्ही मिळून. सर्व्हरच्या लायब्ररीतला आणि तुमच्या वॉरमधला सारख्या नावाचा क्लास हे दोन परके क्लास ठरतात. कोणता कुठून आला ते बघायला जेव्हीएमला ‘व्हर्बोज क्लास’ हा पर्याय द्या; प्रत्येक क्लाससमोर त्याच्या जारचा पत्ता छापला जातो. लॉग प्रचंड वाढतो, म्हणून तेवढ्यापुरताच ठेवा.

मग एकच निर्णय घ्या: रनटाइम सर्व्हरचं वापरायचं की स्वतःचं. सर्व्हरचं चालत असेल तर तेच वापरा आणि वेब-इन्फच्या लिबमधून सीएक्सएफ, मेट्रो, जेएएक्सबी आणि त्यांच्या एपीआयच्या जार काढून टाका. खरोखरच वेगळी आवृत्ती हवी असेल तर सर्व्हरला तसं सांगावं लागतं. वाइल्डफ्लाय तर वॉरमध्ये सीएक्सएफची जार दिसली की डिप्लॉयमेंटच नाकारतो आणि कारणही स्पष्ट लिहितो. तिथे जेबॉस-डिप्लॉयमेंट-स्ट्रक्चर डॉट एक्सएमएलमध्ये वेबसर्व्हिसेस ही सबसिस्टिम वगळा. वेबलॉजिकवर वेबलॉजिक डॉट एक्सएमएलमध्ये ‘प्रेफर अ‍ॅप्लिकेशन पॅकेजेस’ने नेमकी पॅकेजेस सांगा, सगळंच वॉरमधून घेण्याचा पर्याय आहे, पण तो गरजेपेक्षा बरंच जास्त ओढून घेतो. ग्लासफिशवर क्लासलोडरचं ‘डेलिगेट’ फॉल्स करा.

टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये जार टाकून प्रश्न सोडवण्याचा मोह टाळा. आज एक अ‍ॅप चालू होतं आणि उद्या त्याच सर्व्हरवरचं दुसरं बंद पडतं.

त्याच मशीनवरून सर्व्हिस चालते, बाहेरून कनेक्शन नाकारलं जातं.

वाइल्डफ्लाय मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतो. सुरू करताना ‘बी’ पर्यायाने ०.०.०.० किंवा नेमका आयपी द्या. ९९९० हा मॅनेजमेंट पोर्ट मात्र बाहेर उघडू नका. लिबर्टीवर सर्व्हर डॉट एक्सएमएलमधल्या एचटीटीपी एंडपॉइंटला होस्ट म्हणून * द्यावं लागतं. एवढं करूनही जमलं नाही तर फायरवॉल.

डब्ल्यूएसडीएल (सोप सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) उघडतं, पण त्यातला पत्ता लोकलहोस्ट ८०८० असा आहे. क्लायंट तिकडेच जातो.

डब्ल्यूएसडीएलच्या तळाशी ‘सोप अ‍ॅड्रेस’ असतो, आणि सर्व्हर तो विनंतीवरून किंवा कॉन्फिगरेशनवरून भरतो. मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व्हरच्या पुढे उभा मध्यस्थ) असेल तर सर्व्हरपर्यंत मूळ होस्ट आणि एचटीटीपीएस पोचतच नाही. उपाय दोन्ही बाजूंनी लागतो. प्रॉक्सीने ‘होस्ट’ हेडर तसंच पुढे द्यावं आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ जोडावं. टॉमकॅटवर ते समजण्यासाठी ‘रिमोट आयपी व्हॉल्व्ह’ लावा. वाइल्डफ्लायवर अंडरटो या आतल्या वेब सर्व्हरच्या एचटीटीपी लिसनरचं ‘प्रॉक्सी अ‍ॅड्रेस फॉरवर्डिंग’ ट्रू करा.

वाइल्डफ्लायच्या वेबसर्व्हिसेस सबसिस्टिममध्ये ‘डब्ल्यूएसडीएल होस्ट’ असतो, आणि तो मुळात सर्व्हरच्या बाइंड अ‍ॅड्रेसवर बेतलेला असतो. त्याची किंमत ‘जेबॉसडब्ल्यूएस डॉट अनडिफाइन्ड डॉट होस्ट’ अशी ठेवली की आलेल्या विनंतीतला होस्ट वापरला जातो. बदलानंतर रीलोड करा. पत्ता कायमचा ठरलेला असेल तर होस्ट, सुरक्षित पोर्ट आणि स्कीम तिथेच लिहून टाका.

क्लायंटच्या बाजूने याहून खात्रीचा मार्ग आहे. पोर्ट ऑब्जेक्ट (ज्याच्यावर क्लायंट सर्व्हिसचे कॉल करतो तो) ‘बाइंडिंग प्रोव्हायडर’मध्ये कास्ट करून ‘एंडपॉइंट अ‍ॅड्रेस प्रॉपर्टी’ स्वतः भरा आणि पत्ता कॉन्फिगरेशन फाइलमधून घ्या. मग डब्ल्यूएसडीएलमध्ये काहीही असलं तरी फरक पडत नाही.

४०५, ४१५ आणि ५०० यांचा इथे काय अर्थ?

सोप एंडपॉइंट ब्राउझरमध्ये उघडला की जाते ती गेट विनंती. सोपला पोस्ट लागते, म्हणून ४०५ येऊ शकतं. सीएक्सएफ अशा वेळी ‘अननोन मेथड’बद्दल तक्रार करतो. यात बिघाड काही नाही. पत्त्याला ?डब्ल्यूएसडीएल जोडून बघा.

४१५ म्हणजे बहुधा सोपच्या आवृत्त्या जुळत नाहीत. सोप १.१ चा कन्टेन्ट-टाइप टेक्स्ट/एक्सएमएल, तर १.२ चा अ‍ॅप्लिकेशन/सोप+एक्सएमएल. नुसतं वेब-सर्व्हिस अ‍ॅनोटेशन लावलेला क्लास १.१ बोलतो, १.२ हवं तर ‘बाइंडिंग टाइप’ अ‍ॅनोटेशन लावा. एन्व्हलपची (संदेशाच्या बाहेरच्या आवरणाची) नेमस्पेसही (नावं कोणत्या गटातली ते सांगणारा पत्ता) दोन्हींत वेगळी असते, त्यामुळे फक्त हेडर बदलून भागत नाही.

क्लायंटला ‘टेक्स्ट/एचटीएमएल हा कन्टेन्ट-टाइप चालत नाही’ असं दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी आहे. सोपच्या जागी एचटीएमएल पान आलं आहे: लॉगिनचं, प्रॉक्सीच्या एररचं, नाहीतर ४०४ चं. त्याच पत्त्यावर कर्ल या कमांडने तीच विनंती पाठवा आणि आलेलं पान वाचा. उत्तर त्यातच असतं.

५०० सोबत सोप फॉल्ट (सोपचा एरर संदेश) असेल तर विनंती तुमच्या सर्व्हिसच्या रनटाइमपर्यंत पोचली आहे. फॉल्टचा मजकूर वाचा. ‘डिस्पॅच मेथड सापडत नाही’ असं असेल तर बॉडीतल्या पहिल्या एलिमेंटची नेमस्पेस चुकली आहे. इथे एक खाच आहे. टार्गेट नेमस्पेस दिली नाही तर ती पॅकेजचं नाव उलटं करून बनते आणि तिच्या शेवटी तिरकी रेघ असते. हाताने लिहिलेल्या क्लायंटमध्ये ती रेघ राहून जाते आणि एका अक्षरापायी सगळं अडतं. शिवाय पॅकेज रिफॅक्टर केलं की नेमस्पेस नकळत बदलते आणि सगळे क्लायंट तुटतात. म्हणून टार्गेट नेमस्पेस, सर्व्हिस नेम आणि पोर्ट नेम पहिल्या दिवसापासून अ‍ॅनोटेशनमध्ये लिहून ठेवा.

कॉल यशस्वी होतो, पण सर्व्हरवर सगळी फील्ड नल (रिकामी) येतात.

हा बिघाड सर्वांत जास्त वेळ खातो, कारण एरर कुठेच नसते. जेएएक्सबीला ओळखीचं एलिमेंट मिळालं नाही की तो ते मुकाट्याने सोडून देतो आणि फील्ड रिकामं राहतं.

जवळून बघू. स्कीमामध्ये (एक्सएमएलच्या आराखड्यात) ‘एलिमेंट फॉर्म डिफॉल्ट’ क्वालिफाइड आहे, म्हणजे आतल्या ग्राहक-क्रमांकासारख्या प्रत्येक एलिमेंटलाही नेमस्पेस हवी. एक्सजेसी ही माहिती प्रत्येक क्लासमध्ये लिहीत नाही. ती ‘पॅकेज-इन्फो डॉट जावा’ या एकाच फाइलमध्ये ठेवते. कोणीतरी जनरेट झालेले क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवतं, ही फाइल निरुपयोगी वाटून मागे राहते, किंवा बिल्ड तिला वगळतो. आता जेएएक्सबी नेमस्पेस नसलेली एलिमेंट शोधतो, संदेशात असतात नेमस्पेस असलेली. जुळत काहीच नाही. ती फाइल जागेवर ठेवून क्लास पुन्हा जनरेट करा.

आयुष्यभराचा उपाय म्हणजे स्कीमा व्हॅलिडेशन. सीएक्सएफमध्ये ‘स्कीमा व्हॅलिडेशन इनेबल्ड’ ही प्रॉपर्टी आणि मेट्रोमध्ये ‘स्कीमा व्हॅलिडेशन’ हे अ‍ॅनोटेशन लावलं की अशी विनंती नल देण्याऐवजी स्पष्ट फॉल्ट देते. वेग थोडा कमी होतो. विकासाच्या आणि चाचणीच्या सर्व्हरवर तरी ते चालूच ठेवा.

‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ येतं. ब्राउझरमध्ये तर तोच पत्ता नीट उघडतो.

जावाला समोरच्या सर्टिफिकेटपासून विश्वासू रूटपर्यंतची साखळी जोडता आली नाही. ब्राउझर स्वतःची रूट यादी वापरतो आणि गहाळ झालेलं मधलं सर्टिफिकेट बऱ्याचदा स्वतः मिळवतो. जावा मुळात ते मिळवायला जात नाही. म्हणून आधी ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने ‘शो सर्ट्स’ पर्याय देऊन समोरून किती सर्टिफिकेट येतात ते मोजा. एकच आलं तर दोष समोरच्या सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे आणि मधलं सर्टिफिकेट त्यांनी लावायला हवं. त्यांच्याकडून होईपर्यंत तुमच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये) ते घाला.

साखळी पूर्ण असेल आणि रूट खासगी असेल तर ते रूट कीटूलच्या ‘इम्पोर्ट सर्ट’ने घाला. सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट घालू नका. ते बदललं की सर्व्हिस पुन्हा बंद पडेल.

आता मुख्य चूक. सर्टिफिकेट घातलं, तरी एरर कायम. म्हणजे ते भलत्याच फाइलमध्ये गेलं आहे. जेडीकेची मूळ फाइल सीएसर्ट्स, जावा ९ पासून लिब/सिक्युरिटीमध्ये, जावा ८ वर जेआरई/लिब/सिक्युरिटीमध्ये. त्याच फोल्डरमध्ये जेएसएसई-सीएसर्ट्स नावाची फाइल असेल तर जावा तीच घेतो. मशीनवर तीन जेडीके असतील तर चालू प्रोसेस कोणता वापरते ते बघा. ग्लासफिश डोमेनच्या कॉन्फिग फोल्डरमधलं स्वतःचं ट्रस्टस्टोअर वापरतो. वेबलॉजिकवर ते कन्सोलमध्ये ठरतं. ‘जावाएक्स डॉट नेट डॉट एसएसएल डॉट ट्रस्टस्टोअर’ ही प्रॉपर्टी दिली असेल तर ती सीएसर्ट्सची जागा घेते, त्यात भर घालत नाही. त्यात फक्त एक खासगी रूट ठेवलं तर बाकी सगळ्या सार्वजनिक साइट नाकारल्या जातात.

सीएसर्ट्समध्ये थेट हात घालू नका. जेडीके अपडेट झालं की नवी फाइल येते आणि तुमचं सर्टिफिकेट जातं. तिची प्रत काढा, प्रतीत सर्टिफिकेट घाला आणि प्रॉपर्टीने ती प्रत दाखवा. मूळ पासवर्ड ‘चेंजइट’ असतो. बदलानंतर सर्व्हर रीस्टार्ट करा. ट्रस्टस्टोअर सहसा एकदाच वाचलं जातं.

सगळ्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवणारा ट्रस्ट मॅनेजर लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. मग एचटीटीपीएसचं संरक्षण उरत नाही, आणि असा कोड प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं विसरला जातो.

‘हँडशेक फेल्युअर’ हेच का?

नाही. हँडशेक फेल्युअर म्हणजे प्रोटोकॉल किंवा सायफरवर एकमत झालं नाही, किंवा समोरच्याला तुमचं क्लायंट सर्टिफिकेट हवं आहे. एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून (जावा ८ चं २९१, जावा ११ चं ११.०.११) टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद आहेत. उलट जावा ७ चा क्लायंट मुळात १.० नेच बोलतो आणि आजचे सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवतात. ‘जावाएक्स डॉट नेट डॉट डीबग’ला एसएसएल, हँडशेक ही किंमत देऊन लॉग घ्या. कोणत्या टप्प्यावर तुटलं ते त्यात ओळीने दिसतं.

कॉल अडकतो आणि थ्रेड सुटतच नाहीत.

जेडीकेतल्या एचटीटीपी कनेक्शनला मुळात टाइमआउट नसतो; शून्य म्हणजे अनंत. मेट्रोच्या क्लायंटवर कनेक्ट आणि रिक्वेस्ट असे दोन्ही टाइमआउट मिलिसेकंदांत द्या, आणि किंमत इन्टिजरच असू द्या. प्रॉपर्टीचं नाव जपून लिहा: वेगळ्या जारमधून घेतलेल्या मेट्रोसाठी कॉम डॉट सन डॉट एक्सएमएल डॉट डब्ल्यूएस, पण जावा ८ च्या आत असलेल्यासाठी मध्ये ‘इंटर्नल’ येतं. चुकीचं नाव निमूट दुर्लक्षिलं जातं. सीएक्सएफचे मूळ टाइमआउट ३० सेकंद कनेक्शनचे आणि ६० सेकंद उत्तराचे.

टॉमकॅटच्या कनेक्टरवरचा ‘कनेक्शन टाइमआउट’ वाढवून इथे उपयोग नाही. तो विनंती यायची वाट बघण्यासाठी आहे, तुमचा कोड किती वेळ चालावा यासाठी नाही. क्लायंटला बरोबर ६० सेकंदांनी ५०४ येत असेल तर मधल्या एनजिनएक्स या प्रॉक्सीचा ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’ बघा.

टॉमकॅट स्टार्ट होतानाच लटकतो. सीपीयू शांत, लॉग शांत.

थ्रेड डम्प, म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठे थांबला आहे त्याची नोंद, घ्या. जेस्टॅकला प्रोसेसचा क्रमांक दिला की पुरे. मुख्य थ्रेड सॉकेटमधून वाचण्यात थांबलेला असेल आणि त्याच्या खाली तुमचा सर्व्हिस क्लायंट दिसत असेल, तर अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना स्वतःच्याच सर्व्हरवरचं डब्ल्यूएसडीएल मागतंय. टॉमकॅट पोर्ट आधीच बांधून ठेवतो, पण विनंत्या घ्यायला सुरुवात करतो ती सगळी अ‍ॅप्लिकेशनं उभी राहिल्यावर. त्यामुळे कनेक्शन जुळतं, उत्तर येत नाही, आणि टाइमआउट नसेल तर दोघं एकमेकांसाठी कायम थांबून राहतात.

डब्ल्यूएसडीएलची प्रत आणि तिने इम्पोर्ट केलेल्या सर्व एक्सएसडी (स्कीमाच्या फायली) जारमध्येच ठेवा आणि क्लायंटला तिथून वाचायला लावा. दुसऱ्या कोणाची सर्व्हिस बंद असताना तुमचा सर्व्हर उभा न राहणं हा प्रकारही याने मिटतो. ‘सर्व्हिस’ ऑब्जेक्ट प्रत्येक कॉलला नवा बनवू नका. तो बनवताना डब्ल्यूएसडीएल वाचलं जातं आणि ते महाग पडतं.

वायरवरून नेमकं काय जातंय ते कसं बघू?

मेट्रोच्या क्लायंटसाठी ‘एचटीटीपी ट्रान्सपोर्ट पाइप’ची आणि सर्व्हरसाठी ‘एचटीटीपी अ‍ॅडॅप्टर’ची डम्प प्रॉपर्टी ट्रू करा. संदेश ४०९६ बाइटनंतर कापला जात असेल तर अ‍ॅडॅप्टरचीच थ्रेशोल्डची प्रॉपर्टी वाढवा. तिच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘टी’नंतरचं ‘एच’ मुळातच गाळलेलं आहे, तसंच लिहा. सीएक्सएफवर ‘लॉगिंग फीचर’ जोडा. काम झालं की बंद करा, कारण पासवर्ड आणि लोकांची माहितीही त्याच लॉगमध्ये उतरते.

रेस्ट सर्व्हिसमध्ये काय वेगळं अडतं?

सगळीकडे ४०४ म्हणजे बहुधा ‘अ‍ॅप्लिकेशन’ क्लासला वारसा सांगणारा आणि ‘अ‍ॅप्लिकेशन पाथ’ अ‍ॅनोटेशन असलेला क्लास नाही. ‘मेसेज बॉडी रायटर’ सापडत नाही म्हणजे जेसनची लायब्ररी नाही. टॉमकॅटवर जर्सी या रेस्ट लायब्ररीसोबत जॅक्सन किंवा जेसन-बीचं मॉड्यूल घाला. ‘इंजेक्शन मॅनेजर फॅक्टरी’ सापडत नाही म्हणजे जर्सी-एचके२ ही जार राहिली आहे, २.२६ पासून ती वेगळी द्यावी लागते.

डब्ल्यूएस-सिक्युरिटीत (सोप संदेशाच्या सुरक्षेच्या मानकात) ‘संदेशाची मुदत संपली’ येतं, पण आत्ताच तर पाठवला.

घड्याळं जुळवा. डब्ल्यूएसएस४जे (ते मानक राबवणारी लायब्ररी) मुळात ३०० सेकंदांपर्यंतचा जुना आणि ६० सेकंदांपर्यंतचा पुढचा टाइमस्टॅम्प स्वीकारतो. दोन्ही मशीनवर एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू करा. मर्यादा वाढवणं हा शेवटचा पर्याय.

मोठी फाइल पाठवली की ४१३ (‘विनंती फार मोठी’) येतं किंवा कनेक्शन तुटतं.

वाटेतल्या प्रत्येक नाक्याची मर्यादा वेगळी असते. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी, वाइल्डफ्लायच्या अंडरटोची १०४८५७६० बाइट म्हणजे १० एमबी. बेस६४ (फाइल मजकुरात बदलण्याची पद्धत) मुळे फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे ८ एमबीची फाइलही १० च्या मर्यादेत मावत नाही. एमटॉम (फाइल बेस६४ न करता पाठवण्याची सोय) दोन्ही बाजूंनी चालू करा. एकाच बाजूने केलं तर दुसरी बाजू बेस६४ नेच उत्तर देऊ शकते.

एवढं करूनही सुटत नाही. मदत मागताना काय द्यायचं?

सर्व्हर आणि जावाच्या पूर्ण आवृत्त्या, वेब-इन्फच्या लिबमधल्या जारची यादी, स्टार्टअपपासूनचा न कापलेला लॉग, आणि कर्लने पाठवलेली विनंती तिच्या हेडरसकट. एररचा स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या. स्क्रीनशॉटमध्ये ‘कॉज्ड बाय’ नेमकं कडेबाहेर राहतं. पाठवण्याआधी पासवर्ड, टोकन आणि सेशनच्या कुकी पुसून टाका.